कलाभवन : बडोद्याच्या एका लहान तंत्रविद्यालयातील शाखासंगमाचा प्रयोग

आंतरविद्याशाखीय अभ्यास ही संज्ञा आज उच्च शिक्षणाच्या चर्चेत सर्रास वापरली जाते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इतिहास, भाषा, अर्थशास्त्र वा कलाविचार शिकविला म्हणजे तो अधिक व्यापक दृष्टीचा होईल, अशी अपेक्षा तिच्यामागे असते. ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडून आली, असेही सामान्यतः मानले जाते. संज्ञेपुरते ते खरे आहे. परंतु एका लहान तंत्रविद्यालयात रसायन, चित्रकला, सुतारकाम, विणकाम आणि भाषाविचार यांना एकाच छताखाली आणून त्यांच्यामधील वाटा खुल्या ठेवण्याचा प्रयत्न भारतात त्याच्या कितीतरी आधी, १८९० मध्ये, बडोदे संस्थानात झाला होता. त्या संस्थेचे नाव कलाभवन. तिचे संस्थापक महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) आणि पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जरांची कारकीर्द १८९६ मध्ये संपली. या सहा वर्षांचा प्रयोग कोणत्या गरजेतून जन्मला, त्याने काय साधले आणि तो पुढे का विरळ होत गेला, या प्रश्नांचा विचार येथे अभिप्रेत आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. 'कलाभवन' म्हटले की अनेकांच्या मनात शांतिनिकेतनचे, १९१९ मध्ये स्थापन झालेले कलाभवन येते. बडोद्याचे कलाभवन त्यापूर्वी २९ वर्षे अस्तित्वात आले होते, आणि दोन्ही नावांतील 'कला' या शब्दाचा अर्थही एक नाही. शांतिनिकेतनात तो प्रामुख्याने ललित कलेचा निदर्शक आहे. बडोद्यात मात्र त्याला जुना, विस्तृत अर्थ होता. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत गायन आणि आलेख्य यांच्याबरोबर तक्षण म्हणजे सुतारकाम, वास्तुविद्या आणि धातुवाद यांचाही समावेश आहे. चित्रकार आणि सुतार यांना एकाच शब्दाने ओळखणारी ही परंपरा इंग्रजी शिक्षणव्यवस्थेत मोडली होती. विद्यालयाचे नाव ठरविताना ती कितपत जाणीवपूर्वक डोळ्यांसमोर होती हे बाजूला ठेवले, तरी प्रत्यक्ष अभ्यासक्रमाची रचना त्या जुन्या अर्थाशी जुळणारी होती, हे निश्चित.

१. पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील तंत्रशिक्षणाचे स्वरूप मुख्यतः सरकारी बांधकाम खात्याच्या गरजेने ठरलेले होते. रुरकीचे महाविद्यालय १८४७ मध्ये सुरू झाले ते गंगेच्या कालव्यासाठी लागणारे अभियंते व दुय्यम कर्मचारी घडविण्यासाठी. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा हेतूही बांधकाम खात्याला प्रशिक्षित माणसे पुरविणे हाच होता. मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने गिरणीउद्योगाची गरज ओळखली, आणि तंत्रशिक्षण सरकारी नोकरीच्या कक्षेबाहेर पडण्यास प्रारंभ झाला. तथापि या सर्व संस्थांमध्ये देशी कारागिराच्या परंपरागत ज्ञानाला अभ्यासविषय म्हणून स्थान नव्हते. दुसरीकडे मुंबई विद्यापीठाच्या (१८५७) महाविद्यालयांत विज्ञान शिकविले जात होते. पण त्या विज्ञानाचा हाताने करावयाच्या कामाशी संबंध क्वचितच येई. चित्रकला तर सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या स्वतंत्र वर्तुळात होती. विज्ञान, तंत्र आणि कला या तीन विद्या अशा रीतीने तीन निरनिराळ्या इमारतींत राहत होत्या.

बडोद्याची परिस्थिती दोन कारणांनी वेगळी होती. पहिले कारण राजकीय. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ मध्ये दत्तक म्हणून आलेल्या सयाजीरावांना १८८१ मध्ये राज्याधिकार मिळाले. ब्रिटिश मुलखात शिक्षणखात्याच्या ज्या मर्यादा होत्या, त्या ओलांडून प्रयोग करण्याची मुभा संस्थानी राज्यात काही प्रमाणात होती. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. दुसरे कारण आर्थिक. गुजरातेत रंगाई, छपाई, विणकाम आणि लाकूडकाम यांची जुनी, कसबी परंपरा होती. आणि त्याच वेळी १८६१ मध्ये पहिली गिरणी सुरू झालेल्या अहमदाबादमध्ये यंत्रोद्योग वेगाने वाढत होता. जुने कसब आणि नवे यंत्र एकमेकांच्या इतक्या जवळ असताना त्यांना जोडणारी विद्या मात्र कोठेच शिकविली जात नव्हती.

२. गज्जर : सुतारकुळातील रसायनशास्त्रज्ञ

त्रिभुवनदास गज्जर यांचा जन्म सुरत येथे १८६३ मध्ये झाला. सयाजीरावांचे जन्मवर्षही तेच. गज्जर हे आडनावच सुतारकामाच्या व्यवसायाचे द्योतक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते १८८६ मध्ये बडोदा कॉलेजात त्या विषयाचे प्राध्यापक म्हणून आले. कारागीर समाजात जन्मलेला मनुष्य विद्यापीठीय विज्ञानाचा अध्यापक व्हावा, ही त्या काळात विरळ घटना होती. त्यांच्या पुढील शैक्षणिक विचाराचे मूळ या दुहेरी वारशात शोधणे वावगे ठरणार नाही. कारागिराच्या हातात असलेले ज्ञान अशास्त्रीय म्हणून टाकून देण्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती. तसेच ते परंपरेने चालत आले म्हणून परिपूर्ण आहे, असाही भ्रम नव्हता.

जून १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. चित्रकला, सुतारकाम व वास्तुरचना, रंगाई व कापडछपाई, यंत्रविद्या आणि विणकाम ही तेथील प्रमुख अंगे होत. पुढे घड्याळाच्या कामासारखे विषयही आले. रंगाईच्या अध्यापनासाठी जर्मन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. संस्थेचा आकार लहान होता. मोठ्या विद्यापीठाप्रमाणे स्वतंत्र विभाग, स्वतंत्र ग्रंथालये आणि स्वतंत्र अधिकारपरंपरा तेथे नव्हत्या. या लहानपणाकडे सामान्यतः उणीव म्हणून पाहिले जाते. परंतु शाखासंगमाच्या दृष्टीने ते साहाय्यक ठरले असावे, कारण चित्रशाळा, प्रयोगशाळा आणि कर्मशाळा यांच्यात विद्यार्थ्याची ये-जा शक्य राहिली. ही ये-जा कशी होती याचे उत्तम उदाहरण पुढे दादासाहेब फाळके यांच्या संदर्भात येईल.

३. रंगशाळा : एका वस्त्रातील अनेक विद्या

कलाभवनातील सर्व विषयांत रंगाईचे स्थान मध्यवर्ती होते, आणि त्याला सबळ ऐतिहासिक कारण होते. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य, म्हणजे ॲलिझरीन, प्रयोगशाळेत सिद्ध केले, आणि थोड्याच काळात ते कारखान्यातून बाजारात आले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली. ज्या देशात आल, मंजिष्ठ आणि नीळ यांवर शेतकऱ्यापासून रंगाऱ्यापर्यंत अनेकांचा चरितार्थ अवलंबून होता, त्या देशासाठी ही केवळ वैज्ञानिक वार्ता नव्हती. भावसार, छीपा आणि रंगारी समाजांच्या पिढीजात धंद्याचा पायाच त्यामुळे हलला.

या संकटाला तोंड देण्याच्या दोन वाटा होत्या. परदेशी रंग नाकारणे ही एक, आणि ते रंग समजून घेऊन त्यांवर प्रभुत्व मिळविणे ही दुसरी. गज्जरांनी दुसरी वाट धरली. तिच्यासाठी कोणते ज्ञान लागत होते हे पाहिले म्हणजे शाखासंगमाची अपरिहार्यता ध्यानात येते. सुती धाग्यावर ॲलिझरीन थेट बसत नाही. त्यासाठी धातूच्या क्षाराचा रंगबंधक म्हणून उपयोग करावा लागतो. तुरटीतील ॲल्युमिनियमशी संयोग झाला म्हणजे तांबडा रंग उठतो; लोहाशी झाला म्हणजे जांभळट ते काळसर छटा येते. देशी छपाईकाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. तो कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवी, तांबड्या जागी तुरटीचा लेप ठशाने उमटवी, काळ्या जागी लोखंड व गूळ आंबवून केलेले पाणी वापरी, आणि मग आल किंवा मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात सर्व कापड टाकी. एकाच कढईतून दोन रंग वर येत. ही क्रिया त्याला हाताने अवगत होती, तिचे कारण मात्र त्याच्या परिभाषेत नव्हते. उलटपक्षी रसायनाच्या पदवीधराला कारण सांगता येई. पण कापड किती वेळ उकळावे, कोणत्या विहिरीच्या पाण्याने रंग खुलतो आणि कोणत्या पाण्याने मळकट होतो, हे त्याला ठाऊक नसे.

याशिवाय छपाईला ठसा लागतो. ठसा कोरण्यासाठी लाकडाची जात आणि तिचा पोत कळावा लागतो, म्हणजे सुतारकाम आले. ठशावरील आकृती दुसऱ्या आकृतीला नेमकी जुळावी लागते, म्हणजे रेखाटन आणि भूमिती आली. कापडाची वीण घट्ट की विरळ यावर रंगाचे शोषण अवलंबून असते, म्हणजे विणकाम आले. गिरणीत हेच काम रुळांच्या यंत्रावर व्हावयाचे असेल, तर यंत्रविद्या आली. थोडक्यात, एक छापील वस्त्र समजून घ्यावयाचे तर कलाभवनातील जवळजवळ सर्व वर्गांत पाऊल टाकावे लागत असे. येथे शाखांचा संयोग कोणत्याही तत्त्वज्ञानातून वरून लादलेला नव्हता. अभ्यासाचा विषय म्हणून शास्त्राऐवजी वस्तू निवडली, आणि वस्तूला शाखांच्या सीमा नसल्यामुळे अभ्यासालाही त्या राहिल्या नाहीत.

या वर्गाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. कृत्रिम रंगांचे शिक्षण म्हणजे जर्मन कारखान्यांच्या मालाला गिऱ्हाईक तयार करणे नव्हे काय, असा आक्षेप त्यावर घेता येतो, आणि तो निराधार नाही. जोपर्यंत मूळ रंगद्रव्ये देशात तयार होत नव्हती, तोपर्यंत रंगाऱ्याचे कौशल्य वाढले तरी त्याचे परावलंबन संपत नव्हते. कारागिराला शास्त्र दिले, परंतु शास्त्राला कारखाना मिळाला नाही. ही उणीव कलाभवनाच्या भिंतींआड भरून निघणारी नव्हती.

४. भाषेचा प्रश्न

गज्जरांच्या योजनेतील सर्वांत मूलगामी भाग भाषेचा होता. कलाभवनातील शिक्षण देशी भाषांतून व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. विज्ञान आणि हस्तकौशल्य यांच्यात जी दरी होती, ती बव्हंशी इंग्रजी जाणणारा आणि न जाणणारा यांच्यातील दरी होती. इंग्रजी हीच प्रवेशाची अट ठेवली असती, तर ज्याच्या ज्ञानावर अभ्यासक्रम उभा होता तो कारागीरच दाराबाहेर राहिला असता. म्हणून तांत्रिक विषयांवरील पुस्तके देशी भाषेत सिद्ध करण्यासाठी 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही माला योजण्यात आली, पारिभाषिक शब्दांच्या संग्रहाचे काम हाती घेण्यात आले, आणि रंगाईच्या विषयाला वाहिलेले 'रंगरहस्य' हे नियतकालिक गज्जरांनी चालविले. हे शीर्षक अर्थपूर्ण आहे. रंगाचे रहस्य ही तोवर कुटुंबाची आणि जातीची मालमत्ता होती. बापाकडून मुलाला, सासूकडून सुनेला ती मिळे. ती छापून सर्वांपुढे मांडणे ही शैक्षणिक कृती होती तशीच सामाजिकही होती.

बडोद्यात भाषेचा प्रश्न दुहेरी होता. प्रजेची बहुसंख्य भाषा गुजराती. राजघराणे, सरदार आणि अधिकारीवर्गाचा मोठा भाग मराठी. मराठी भाषेच्या इतिहासात बडोद्याचे महत्त्व सामान्यतः वाङ्मयीन आश्रयाच्या संदर्भात सांगितले जाते. परंतु शास्त्रीय परिभाषेच्या दृष्टीनेही हे द्विभाषिक नगर एक प्रयोगशाळाच होते. एकाच पदार्थाला मराठीत तुरटी आणि गुजरातीत फटकडी म्हणतात. हिराकस हा शब्द दोन्ही भाषांतील कारागीर वापरतो. 'तेजाब' हा फारसी वळणाचा शब्द सोनार आणि रंगारी या दोघांच्या तोंडी होता, तर 'अम्ल' हा संस्कृत शब्द शास्त्राच्या पुस्तकांत रुळत होता. परिभाषा बनविणाऱ्यापुढे येथे खरा पेच उभा राहतो. संस्कृतोत्पन्न शब्द घेतला तर तो मराठी आणि गुजराती या दोन्ही वाचकांना सारखाच चालतो, पण कर्मशाळेतील कारागिराला तो इंग्रजी शब्दाइतकाच परका वाटतो. कारागिराचा शब्द घेतला तर तो त्याला आपला वाटतो, पण जिल्हा ओलांडला की बदलतो, आणि एकाच शब्दाने दोन निराळे पदार्थ सूचित होण्याचा धोका राहतो.

भारतीय भाषांतील वैज्ञानिक परिभाषेने पुढील शतकात बहुतांशी पहिली वाट स्वीकारली. बडोद्यातच १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांचा मेळ घालतो, आणि त्याचे मोल निर्विवाद आहे. पण तो कार्यालयाच्या शब्दांचा कोश होता. कर्मशाळेच्या शब्दांना तसा कल्पतरू लाभला नाही. विद्याशाखा एकत्र आणण्यासाठी प्रथम त्यांचे शब्द एकमेकांना कळावे लागतात, हे गज्जरांनी ओळखले होते. ते कार्य मात्र एका प्राचार्याच्या कारकिर्दीत पुरे होण्यासारखे नव्हते.

५. एक विद्यार्थी

कलाभवनाच्या शिक्षणाचा परिणाम एका व्यक्तीच्या आयुष्यात स्पष्टपणे पाहावयाचा असेल, तर धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित; पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक झाले. फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले, त्यानंतर थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास आले आणि १८९० मध्ये कलाभवनाचे विद्यार्थी झाले. तेथे त्यांनी तैलरंग व जलरंग यांतील चित्रकलेबरोबर वास्तुरचना आणि मूर्तिकाम यांचाही अभ्यास केला. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी तयार केलेल्या आदर्श रंगमंदिराच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. ही प्रतिकृती चित्रकाराचे काम होती, वास्तुशिल्पकाराचे, सुताराचे की नाट्यरसिकाचे, हे सांगणे अवघड आहे. असे काम सुचावे आणि तडीस जावे, यासाठी कलाभवनासारखे वातावरण लागत होते.

याच काळात फाळके छायाचित्रणाकडे वळले. गज्जरांनी त्यांना त्रिरंगी ठसे, प्रकाशशिलामुद्रण आणि अंधारखोलीतील प्रक्रिया शिकण्यासाठी रतलाम येथे बाबुलाल वरुवाळकर यांच्याकडे पाठविले, आणि १८९३ मध्ये कलाभवनाची छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा त्यांना स्वतःच्या कामासाठी वापरू दिली. त्रिरंगी मुद्रण ही प्रक्रियाच मुळी शाखासंगमाचा वस्तुपाठ आहे. मूळ चित्राची तीन रंगीत गाळण्यांमधून तीन छायाचित्रे घ्यावयाची, त्यांचे जाळीदार पडद्यातून बिंदूंत रूपांतर करावयाचे, ती धातूच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरावयाची, आणि पिवळा, तांबडा व निळा हे तीन ठसे एकावर एक केसभरही न हलता छापावयाचे. त्यात प्रकाशविज्ञान, रसायन, यंत्राची अचूकता आणि चित्रकाराची रंगदृष्टी यांपैकी एकही उणे पडून चालत नाही. त्याच सुमारास राजा रविवर्मा यांची पौराणिक चित्रे बडोदे दरबारात पोहोचली होती, आणि १८९४ मध्ये त्यांचा शिलामुद्रणाचा छापखाना मुंबईत सुरू झाला. चित्र हे राजवाड्याच्या भिंतीवरून उतरून यंत्रामार्फत घरोघर जाणार, हे स्पष्ट दिसू लागले होते. फाळके यांनी पुढे रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठीही काम केले.

गोध्रा येथील छायाचित्रणाचा व्यवसाय, १९०३ पासून पुरातत्त्व खात्यातील नोकरी, १९०८ मधील स्वतःचे मुद्रणालय, १९०९ मधील जर्मनीचा प्रवास आणि अखेर १९१३ मधील 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. त्यातील एका तपशिलाकडे विशेष लक्ष वेधावेसे आहे. कथापटासाठी भांडवल मिळविण्यापूर्वी फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस टिपून तिचा लघुपट केला. वनस्पतिशास्त्राचे निरीक्षण, छायाचित्रणाचे तंत्र आणि प्रेक्षकाला थक्क करणारी कला त्या छोट्या पटात एकवटली होती. भारतीय चित्रपटाचा प्रारंभ ही कलाभवनाची एकट्याची कर्तबगारी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु चित्रकाराने आम्लाच्या कुंडीत हात घालण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट फाळके ज्या वयात शिकले त्या वयात ते गज्जरांच्या विद्यालयात होते, हे नाकारता येत नाही.

येथे एका सामाजिक अर्थाचा निर्देश केला पाहिजे. गज्जर सुतारकुळातून रसायनशास्त्राच्या अध्यासनाकडे गेले. फाळके शास्त्र्याच्या घरातून कर्मशाळेकडे आले. त्या काळच्या समाजात ग्रंथज्ञान आणि हस्तकौशल्य यांच्यातील भिंत ही केवळ विद्यापीठाने उभारलेली नव्हती. तिचा पाया जातिव्यवस्थेत होता. म्हणून कलाभवनातील शाखांची देवाणघेवाण ही अपरिहार्यपणे जातींच्या कामांचीही देवाणघेवाण होती. आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा हा अर्थ पाश्चात्त्य विद्यापीठांच्या इतिहासातून हाती लागत नाही. तो भारतीय संदर्भातच शोधावा लागतो. त्याच वेळी हेही मान्य करावे लागते, की वर जाणारी वाट आणि खाली येणारी वाट सारख्या रुंद नव्हत्या. शास्त्र्याच्या मुलाने ठसे कोरणे समाजाला चमत्कारिक वाटले तरी शक्य होते. सुताराच्या मुलाने प्राध्यापक होणे फारच थोड्यांना साधले.

६. १८९६ नंतर

१८९६ मध्ये गज्जर बडोदे सोडून मुंबईस गेले आणि विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान मांडले. त्यावर आयोडीनयुक्त औषधाचा उपाय त्यांनी शोधला. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासण्यात आले; पुतळ्याला अपाय न करता तो स्वच्छ करण्याचे रासायनिक कामही पुढे त्यांनीच केले. १९०० च्या सुमारास त्यांनी मुंबईत स्वतःची तंत्र-रासायनिक प्रयोगशाळा उभारली. तेथे तयार झालेले कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह १९०७ मध्ये बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्सची स्थापना झाली. शास्त्राला कारखाना मिळाला नाही, ही कलाभवनाची जी उणीव वर सांगितली, ती भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. तो विद्यालयाबाहेर, उद्योगाच्या रूपाने झाला, हे महत्त्वाचे.

कलाभवन बंद पडले नाही. अनेक दशके ते पश्चिम भारतातील कारखान्यांना आणि कार्यालयांना कुशल माणसे पुरवीत राहिले, आणि हे कार्य गौणही नव्हते. मात्र ज्ञानमंजूषा, परिभाषासंग्रह, नियतकालिक, प्रयोगशाळा आणि कर्मशाळा यांना जोडणारा सूत्रधार निघून गेल्यानंतर ही अंगे पूर्ववत परस्परांशी बांधलेली राहणे कठीण होते. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, त्या विद्यापीठात ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. तिने भारतीय आधुनिक कलेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळविले आहे. परंतु प्रशासकीय दृष्टीने पाहता, १८९० मध्ये ज्या एका शब्दाखाली सुतार, रंगारी, यंत्रज्ञ आणि चित्रकार एकत्र आले होते, त्या शब्दाची साठ वर्षांनंतर रीतसर वाटणी झाली. विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम इंग्रजी राहिले. भाषेचा धागाही अशा रीतीने सुटला.

७. समारोप

स्वातंत्र्योत्तर तंत्रशिक्षणाने शाखासंगमाचा विचार केला नाही, असे नाही. १९५१ मध्ये खरगपूर येथे सुरू झालेल्या पहिल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेपासून मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांना अशा संस्थांच्या अभ्यासक्रमात स्थान मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभियांत्रिकी संस्थांनीही कला व मानव्यविद्या यांचा अधिक समावेश करावा, असे स्पष्टपणे म्हटले. आणि २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण देण्यास मान्यता मिळाली. या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून अलग अशा दोन सुधारणा म्हणून मांडल्या जातात. एक व्यक्तिमत्त्वविकासाची, दुसरी सामाजिक न्यायाची.

कलाभवनाचा इतिहास त्या दोहोंना एकाच प्रश्नाच्या दोन बाजू म्हणून पाहावयास शिकवितो. तेथे विषय एकत्र आले ते विद्यार्थ्याला सुसंस्कृत करण्यासाठी नव्हे, तर समोरचे कापड, ठसा किंवा चित्र त्यांच्यावाचून समजत नव्हते म्हणून. देशी भाषा आली ती अभिमानापोटी नव्हे, तर ज्याचे ज्ञान अभ्यासावयाचे त्याच्याशी बोलता यावे म्हणून. अभियांत्रिकीच्या वेळापत्रकात इतिहासाचे दोन तास घातल्याने किंवा इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे शब्दशः भाषांतर केल्याने हा हेतू साधणार नाही. सहा वर्षांच्या त्या प्रयोगाला यश किती आले, याविषयी मतभेद होऊ शकतात. रंगाऱ्याची कढई, रसायनज्ञाची परीक्षानळी आणि कोशकाराचे टिपण यांना एकाच मेजावर ठेवण्याची जी गरज त्याने दाखवून दिली, ती मात्र अद्याप भागलेली नाही. मराठी व गुजराती कर्मशाळांतील शब्द आणि त्यांमागील प्रक्रिया यांचा संग्रह, ते वापरणारे हात आहेत तोवर, तंत्रशास्त्र आणि भाषाशास्त्र यांच्या अभ्यासकांनी मिळून करणे, हे त्या अपुऱ्या कार्याचे पुढचे पाऊल ठरेल.